ख्रिस्तवासी रेव्ह. बाबा पदमनजी

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील मंडळ्यांतून फिरत असतां गेलीं कांहीं वर्षें एकच गाऱ्हाणें निरनिराळ्या तोंडांतून कानीं येतें. मुलगा दहावी होऊन लातुरास शिकवणीच्या वर्गांत जातो, दोघातिघांत मिळून खोली घेऊन राहतो, आणि दिवाळीच्या सुटींत घरीं आला म्हणजे कौटुंबिक उपासनेस बसेनासा होतो. तो दारू पीत नाहीं, मूर्तीपुढें जात नाहीं, आईबापांस उलट बोलत नाहीं. त्याला देवाची गरज वाटेनाशी झालेली असते, एवढेंच. आमच्या आजोबांच्या वेळीं विरोध करणारे गांवकरी होते. बाप्तिस्मा घेतला कीं बलुतें बंद होई, पाणी बंद होई, कधीं काठीही पाठीवर पडे. आतां कोणी काठी उगारीत नाहीं, आणि कोणी विचारपूसही करीत नाहीं. शिव्या देणाऱ्या गांवांत प्रार्थना कशी करावी हें त्या वृद्धांस ठाऊक होतें. ज्या गांवांत तुम्ही प्रार्थना करतां कीं नाहीं याचें कोणास सोयरसुतकच नाहीं, तेथें ती कशी करावी, हें आम्हां पाळकांसही नीट उमगलेलें नाहीं.

हा प्रकार आजचा आहे, फोन व महाविद्यालयें आल्यामुळें झाला आहे, असें पुष्कळांचें म्हणणें असतें. परंतु सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं मुंबई शहरांत एक तरुण विद्यार्थी याच हवेंत श्वास घेत होता, आणि त्या हवेंतून तो ख्रिस्ताकडे कसा आला हें त्यानें पुढें स्वतःच लिहून ठेविलें. त्याचें नांव बाबा पदमनजी. आपल्या उपदेशकांपैकीं पुष्कळांनीं हें नांव शिक्षणाच्या वेळीं ऐकिलें असेल. मंडळींतील इतर बंधुभगिनींस तें बहुधा अपरिचित असेल. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

बाबांचें पूर्ण नांव बाबा पदमनजी मुळे. त्यांचा जन्म १८३१ सालच्या मे महिन्यांत बेळगांव येथें झाला. घराणें कासार जातीचें, खाऊनपिऊन सुखी, आणि जुन्या चालीरीतींस घट्ट धरून राहणारें. बेळगांवांत मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा रस्त्यावर ऐकूं येत. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या बाजूच्या वाचकांस असें दुभाषी गांव कसें असतें हें सांगावयास नको. अशा गांवांत वाढलेल्या मुलाचे कान लवकर तयार होतात. बाबा पुढें मोठे कोशकार झाले, त्याचें बीज मला तरी तेथें दिसतें.

बेळगांवांत लंडन मिशनचें काम १८२० पासून चालू होतें, व त्या मिशनच्या शाळेंत बाबांस घालण्यांत आलें. आईबापांनीं मुलास मिशनच्या शाळेंत घातलें तें ख्रिस्ताकरितां नव्हे, इंग्रजीकरितां. आजही आमच्याकडे तसेंच होतें, आणि त्यांत कांहीं वावगें नाहीं. मुलानें शाळेंत पवित्र शास्त्राचा धडा पाठ करावा आणि घरीं येऊन देवघरापुढें हात जोडावे, असें दुहेरी जीवन तेथें सुरू झालें. लहानपणीं तें जड वाटत नाहीं. दोन्ही गोष्टी दोन खणांत राहतात.

१८४९ च्या सुमारास बाबा मुंबईस आले व फ्री चर्च मिशनच्या विद्यालयांत शिकूं लागले. हें विद्यालय म्हणजे डॉ. जॉन विल्सन यांचें काम. आजचें विल्सन महाविद्यालय त्याच मुळाचें झाड आहे. तेथें रेव्ह. नेस्बिट व रेव्ह. मरे मिचेल यांच्यासारखे विद्वान शिक्षक होते. त्याच मिशनांत नारायण शेषाद्रि नांवाचे एक ब्राह्मण गृहस्थ होते. त्यांनीं १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां मुंबईंत केवढी खळबळ उडाली! त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनांत राहावयास गेला होता, त्याला न्यायालयानें आईबापांच्या स्वाधीन केलें. मग त्या पोराला जातींत परत घ्यावें कीं घेऊं नये यावर ब्राह्मणवर्गांत दोन तट पडले, आणि बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानानें त्याला परत घेण्याची बाजू उचलून धरिली. हेच नारायण शेषाद्रि पुढें आपल्या मराठवाड्यांत जालन्यास आले, आणि त्या वेळच्या निजामाच्या मुलखांत त्यांनीं जालन्याजवळ बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें. तेव्हां ही हकीकत दूरच्या मुंबईची आहे असें वाचकांनीं समजूं नये. तिचें एक टोंक आपल्या अंगणापर्यंत आलेलें आहे.

त्या काळच्या मुंबईंत सुशिक्षित तरुणापुढें तीन वाटा असत. एक घरची जुनी वाट. दुसरी मिशनची. आणि तिसरी नवी, जिच्यावर हळूहळू सर्वांत अधिक गर्दी होऊं लागली. इंग्रजी शिकलेल्या मुलास भूगोल कळला, ग्रहण कां लागतें तें कळलें, इतिहास कळला; त्यामुळें पुराणांवरील त्याचा विश्वास उडाला. येथवर मिशनरी व तो एकाच बाजूस होते. परंतु त्यानंतर त्यानें तोच न्याय सर्वच धर्मांस लावला. देव असेल तर एक असेल, तो चांगला असेल, मनुष्यानें नीतीनें वागावें, आणि याहून अधिक कोणीं कांहीं सांगूं नये, असें त्याचें मत बनलें. युरोप-अमेरिकेंतील शंकावाद्यांचे ग्रंथ कलकत्त्यास व मुंबईस जहाजांनीं येत असत, आणि ज्या मुलांस इंग्रजी मिशनऱ्यांनीं शिकविलें तींच मुलें तें इंग्रजी वापरून हे ग्रंथ वाचीत. शिक्षणाची अशी गंमत आहे. दार उघडलें म्हणजे आंत कोण येईल हें दार उघडणाराच्या हातीं राहत नाहीं.

सरकारचें धोरणही याच काळांत ठरलें. १८५४ सालीं विलायतेहून शिक्षणाविषयींचा जो मोठा खलिता आला, ज्यास वुडचा खलिता म्हणतात, त्यांत सरकारी शाळांतील शिक्षण धर्मापासून अलग असावें असें ठरविण्यांत आलें. पवित्र शास्त्र शाळेच्या पुस्तकसंग्रहांत ठेवावें, ज्यास वाटेल त्यानें तें वाचावें, परंतु तें वर्गांत शिकवूं नये. पुष्कळ मिशनऱ्यांस हें आवडलें नाहीं. मला स्वतःला वाटतें कीं सरकारनें कोणत्याच धर्माची बाजू घेऊं नये हें आम्हां थोड्या लोकांच्या हिताचेंच आहे. आज आपल्या देशाच्या राज्यघटनेनें प्रत्येकास आपला धर्म पाळण्याची व सांगण्याची मोकळीक दिली आहे, ती त्याच तत्त्वाची वाढ आहे. परंतु सरकारनें तटस्थ राहणें निराळें, आणि मनुष्याच्या अंतःकरणानें तटस्थ राहणें निराळें. पंचानें कोणत्याही संघाकडून खेळूं नये हें खरें. पण म्हणून खेळाडूही पंचासारखा बाजूस उभा राहिला तर खेळ कोठून व्हावयाचा? मुंबईच्या तरुणांनीं सरकारचा गुण उचलून आपल्या हृदयास लावला, आणि तेथें त्याचा रोग झाला.

या तरुणांपैकीं जे अधिक कळकळीचे होते त्यांनीं १८४९ सालीं परमहंस मंडळी नांवाची एक सभा स्थापन केली. दादोबा पांडुरंग, ज्यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध आहे, ते तिच्या मुळाशीं होते. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. सभासदांस जातिभेद मान्य नव्हता, मूर्तिपूजा मान्य नव्हती, विधवांचा पुनर्विवाह व स्त्रीशिक्षण मान्य होतें, आणि ते एका देवाची प्रार्थना करीत. कोणत्याही धर्माचा ग्रंथ देवानें दिलेला व निर्दोष आहे असें मात्र त्यांस मानावयाचें नव्हतें. नव्या सभासदास जात मोडल्याची खूण म्हणून सर्वांसमक्ष पावाचा तुकडा खावा लागे. आज आमच्या गांवच्या हॉटेलांत कोणीही चहाबरोबर पाव खातो, त्यामुळें यांत काय मोठें असें वाटेल. त्या दिवसांत तो तुकडा बाहेर कळला असता तर घरदार, लग्नसंबंध, श्राद्धपक्ष सर्व बंद झालें असतें. म्हणूनच मंडळीचा पहिला नियम गुप्ततेचा होता. सभा बंद खोलींत भरे. बहुमत होईपर्यंत बाहेर कोणीं कांहीं बोलावयाचें नाहीं असें ठरलेलें होतें. बहुमत कधींच झालें नाहीं.

बाबा पदमनजी या मंडळींत जाऊं लागले. त्या सभेविषयीं आज आपणांस जें कांहीं ठाऊक आहे त्यांतील बराच भाग त्यांनींच पुढें लिहून ठेविला म्हणून ठाऊक आहे. त्यांस ती आवडली याचें नवल वाटत नाहीं. तेथें चांगले लोक होते, विद्वान लोक होते, स्वतःच्या जातीचा अभिमान सोडून एका पंक्तीस बसणारे लोक होते. अशी सोबत तरुण माणसास फार प्रिय असते. शिवाय तेथें जावें तर मनांतील सत्याचा कांहीं भाग मानल्याचें समाधान मिळे, आणि घरीं परत आलें म्हणजे आईबापांचें मनही दुखवत नसे. अंधारांत एक मनुष्य, उजेडांत दुसरा. आणि दोघांसही झोंप शांत लागे.

बाबांस ती झोंप फार दिवस लागली नाहीं. त्यांच्या मनाचा झगडा मी येथें सविस्तर देऊं शकत नाहीं. पण त्याचा गाभा मला असा दिसतो. परमहंस मंडळीच्या देवाची प्रार्थना करतां येत होती, पण तो कांहीं मागत नव्हता. तो कोणास हांक मारीत नव्हता. मनुष्य पापी आहे हें तेथें बोलण्यांत येई, परंतु त्या पापाचें काय करावयाचें हें कोणास सांगतां येत नसे. पुढें नीट वागावें, एवढेंच. शाळेंत वर्षानुवर्षें वाचलेलें शुभवर्तमान मात्र बाबांस स्वस्थ बसूं देईना. त्यांतील ख्रिस्त कोणाच्या बंद खोलींतील सभासद होण्यास तयार नव्हता. त्याच्याकडे रात्रीं आलेल्या निकदेमालाही त्यानें रात्रीं येऊन रात्रींच परत जाण्याचा धर्म शिकविला नाहीं.

या काळांत बाबा रिकामे बसले होते असें नाहीं. १८५२ सालीं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधींच, त्यांचा स्त्रीविद्याभ्यासनिबंध प्रसिद्ध झाला. वयाची एकविशी तेव्हां नुकतीच उलटली होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों. ते ख्रिस्ती झाले नसते तरी मोठे सुधारक म्हणून नांवाजले गेले असते. लेख लिहावे, सभा भरवाव्या, मुलींच्या शाळांस मदत करावी, आणि ख्रिस्त हा मोठा सद्गुरु होता असें म्हणून त्यास नमस्कार करून पुढें जावें, ही वाट त्यांस मोकळी होती. त्या वाटेनें गेलेल्या पुष्कळांचे पुतळे उभे आहेत, आणि त्यांच्या उपकारांखालीं आपण सर्वच आहों. म्हणजे बाबांपुढें निवड वाईट व चांगलें यांची नव्हती. चांगलें काम करून ख्रिस्ताविषयीं गप्प राहणें, कीं चांगलें काम करून ख्रिस्ताचें नांव घेणें, अशी ती निवड होती. आमच्या शिकलेल्या मुलांपुढेंही बहुधा हीच असते, आणि आम्ही मात्र दारू व सिनेमा यांवर उपदेश करीत बसतों.

३ सप्टेंबर १८५४ रोजीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, बाबांनीं आपल्या जन्मगांवीं, बेळगांवांत, बाप्तिस्मा घेतला. मुंबईंत, जेथें त्यांस ओळखणारे थोडे, तेथें नव्हे, तर जेथें प्रत्येक गल्लींत नातेवाईक तेथें. त्यापूर्वीं चार वर्षें, १८५० सालीं, धर्म बदलल्यामुळें कोणाचा वारसा बुडणार नाहीं असा कायदा सरकारनें केला होता. कायद्यानें जमीनजुमला राखला जातो. आईचा हात पाठीवरून फिरावा असा कायदा कोणत्याही सरकारास करतां येत नाहीं. बाबांचें घर तुटलें. त्यांचें लग्न लहानपणींच्या चालीप्रमाणें झालेलें होतें, व त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर आली नाहीं. त्या बाईची बाजूही आपण ध्यानांत घ्यावी. तिला कोणीं विचारून लग्न केलें नव्हतें, आणि आतां तिला न विचारतां तिचें जग उलटलें होतें. ख्रिस्तासाठीं किंमत देणारांची गणती करतांना आपण बाप्तिस्मा घेणारांचीच नांवें लिहितों. त्यांच्याबरोबर न आलेल्यांनींही किंमत दिलेली असते.

परमहंस मंडळीचा शेवट काय झाला तेंही येथेंच सांगतों. १८६० सालीं तिची सभासदांची नोंदवही चोरीस गेली, आणि आंतील नांवें बाहेर फुटलीं. एकच घबराट उडाली आणि मंडळी विस्कटून गेली. जी सभा कोणाच्या विरोधानें मोडली नाहीं ती आपलींच नांवें उजेडांत आल्यानें मोडली. तिच्यांतील कांहीं चांगल्या लोकांनीं धीर धरून १८६७ सालीं प्रार्थनासमाज उघडपणें स्थापन केला, आणि त्यांत दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग पुढें होते, हें त्यांच्या श्रेयास सांगितलें पाहिजे.

नोंदवहीची ही गोष्ट वाचतांना आमच्या भागांतील पुष्कळ वाचकांच्या मनांत दुसऱ्या एका नोंदवहीचा विचार आल्यावांचून राहणार नाहीं. मंडळीच्या वहींत एक नांव व शाळेच्या दाखल्यावर दुसरा धर्म, अशीं कुटुंबें आमच्यांत आहेत. हें कां झालें तेंही आपणांस माहीत आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदु धर्म मानणारांपुरत्या ठेवण्यांत आल्या. १९५६ सालीं त्या शीख बांधवांस व १९९० सालीं बौद्ध बांधवांस मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांस मिळाल्या नाहींत. गांवांतील लोकांनीं आम्हांस धर्म बदलला म्हणून वेगळें वागविलें नाहीं. वेशीबाहेरचें घर वेशीबाहेरच राहिलें. कागदावर मात्र भेद पडला. ज्या बापाच्या मुलाची फी, वसतिगृह आणि नोकरी या एका ओळीवर अवलंबून आहे, त्यास मी परमहंस मंडळीचा भित्रा सभासद म्हणणार नाहीं. बाबा सुखवस्तु घरांतून आले होते. त्यांना लिहितांवाचतां येत होतें, मिशनांत त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरापाशीं गमावण्यास थोडें असतें, म्हणून तें थोडें गमावणें सोपें असतें असें नाहीं. तरी पण एक गोष्ट मला टोंचते. दाखल्यावरील ओळ पोटासाठीं असते हें मी समजतों. पण तीच ओळ हळूहळू मुलाच्या तोंडीं येते, मग मनांत उतरते, आणि आपण कोण हें त्यास विचारलें तर तो खालीं पाहूं लागतो. त्या मुलास घरांत कोणीं तरी खरी हकीकत सांगितली पाहिजे. बहुतेक घरांत ती सांगितली जात नाहीं.

बाप्तिस्म्यानंतर बाबा पुण्यास फ्री चर्च मिशनच्या शाळेंत शिक्षक झाले. पुष्कळांस वाटलें असेल कीं हा मनुष्य आतां आपल्या लोकांतून उठला, साहेबांचा झाला. झालें उलट. मराठी भाषेची जेवढी सेवा त्यांनीं केली तेवढी त्यांच्या पिढींत थोड्यांनींच केली असेल. १८६० सालीं त्यांची शब्दरत्नावली निघाली. मोल्सवर्थसाहेबांच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप १८६३ सालीं त्यांनीं तयार केला. शाळेंतील गरीब मुलास मोठा कोश विकत घेणें शक्य नव्हतें, त्यास हा उपयोगी पडला. १८६६ सालीं महाराष्ट्राचा एक संक्षिप्त इतिहासही त्यांनीं लिहिला. ज्यास आपल्या देशाचा कंटाळा आला तो त्याचा इतिहास लिहीत बसत नाहीं.

त्यांच्या सर्व पुस्तकांत प्रसिद्ध झालें तें यमुनापर्यटन. तें १८५७ सालीं छापिलें गेलें. ज्या वर्षीं उत्तरेंत बंडाळी माजली होती व मुंबईंत विश्वविद्यालय स्थापन झालें, तेंच हें वर्ष. विधवाविवाहाचा कायदा त्यापूर्वीं एक वर्ष झाला होता. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून आज विद्वान लोक या पुस्तकाचा मान करितात. यमुना व तिचा नवरा विनायक हीं दोघें प्रवासास निघतात, आणि वाटेंत ठिकठिकाणीं विधवांचे हाल पाहतात. एकीचें केशवपन, एकीची उपासमार, एकीची फसवणूक. दोघांचाही मनांतून ख्रिस्तावर विश्वास बसलेला आहे, पण तो दोघांपुरताच आहे. पुढें विनायकास अपघात होतो, आणि मरणाच्या दारीं तो आपला विश्वास उघड करितो. मग यमुना स्वतःच विधवा होते, सासरचे लोक तिला छळूं लागतात, आणि शेवटीं तीही ख्रिस्ती होते व तिचा पुनर्विवाह होतो.

मागील हिंवाळ्यांत एका खेड्यांत स्त्रियांच्या सभेपुढें मी ही कथा चार संध्याकाळीं सांगितली. विधवांची दुर्दशा ऐकून पुष्कळजणी रडल्या. परंतु एका म्हाताऱ्या बाईनें, जी सोयाबीनच्या रानांतून तशीच उठून आली होती, मला अगदीं वेगळाच प्रश्न केला. विनायकाला आधींपासून ठाऊक होतें, तर त्यानें मरेपर्यंत कां लांबविलें, आणि बायकोला एकटीलाच सगळें भोगावयास कां ठेविलें? मी पंधरा वर्षें हें पुस्तक ओळखतों. माझ्या मनांत हा प्रश्न कधीं आला नव्हता. बाबांनीं विनायकाच्या रूपानें आपल्या परमहंस मंडळीच्या दिवसांकडे मागें वळून पाहिलें असावें, असें मला त्या बाईमुळें प्रथम वाटलें. पुरुष आपला विश्वास गुप्त ठेवितो तेव्हां त्याचें ओझें घरांतील स्त्रीवर पडतें, हें त्या म्हातारीस कोणीं शिकविलें नव्हतें.

१८६७ सालीं बाबांस पाळकपणाची दीक्षा मिळाली व पुण्याच्या मंडळीची सेवा त्यांजकडे आली. ती त्यांनीं १८७३ पर्यंत केली. त्यानंतर ते पाळकपणांतून मोकळे झाले आणि मुंबईच्या ट्रॅक्ट सोसायटीच्या व बायबल सोसायटीच्या ग्रंथांच्या कामास वाहून घेतलें. मंडळीचें काम व लेखणी यांत त्यांनीं लेखणी पत्करिली. कोणी यास कमीपणा समजेल. मी समजत नाहीं. व्यासपीठावर सर्वांसच देवानें बोलाविलेलें नसतें.

त्यांनीं चालविलेल्या मासिकांपैकीं सत्यदीपिका विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुण्यांत त्या वेळीं महात्मा जोतीराव फुले शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणासाठीं झटत होते. शिक्षणखात्यांतील ब्राह्मण पंतोजी खालच्या जातींच्या मुलांस कसे वागवितात यावर जोतीरावांनीं केलेला पवाडा १८६९ सालीं याच सत्यदीपिकेंत छापिला गेला. जोतीराव ख्रिस्ती नव्हते व झाले नाहींत. तरी जेथें ते खरें बोलत होते तेथें बाबांच्या मासिकानें त्यांस जागा दिली. बाहेरच्या जगाशीं कसें वागावें याविषयीं लांबलचक व्याख्यानांपेक्षां मला हें एक छापील पान अधिक शिकवितें. जग आपलें नाहीं म्हणून त्यांतील प्रत्येक मनुष्य आपला शत्रु आहे असें बाबांनीं मानलें नाहीं. आणि तो मित्र आहे म्हणून त्याच्यापुढें ख्रिस्ताचें नांव गिळूनही टाकलें नाहीं.

त्यांच्या सर्वच लिखाणाची मी अशी स्तुति करणार नाहीं. कृष्ण व ख्रिस्त यांची तुलना करणारें त्यांचें एक पुस्तक १८६७ सालीं निघालें. त्या काळीं वादविवादाची भाषाच कडक असे, विरुद्ध बाजूही तितकीच कडक बोले, हें खरें. तरी असें पुस्तक हातांत घेऊन आज आमचा एखादा उपदेशक पंढरीच्या वारकऱ्यांत गेला तर तो दारें उघडण्याऐवजीं बंद करून येईल. शेजाऱ्याच्या प्रिय वस्तूवर थुंकून त्यास आपली प्रिय वस्तु दाखवितां येत नाहीं. बाबांच्या या बाजूचें अनुकरण कोणीं करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

याउलट त्यांची नव्या करारावरील टीका पहा. ज्या उपदेशकांस इंग्रजी येत नव्हतें, ज्यांस खेड्यांत दोन पोथ्यांपलीकडे पुस्तक मिळत नव्हतें, त्यांच्याकरितां हें परिश्रमाचें काम होतें. मराठी वाचणाऱ्या मनुष्यानें शास्त्र आपल्या डोक्यानें समजून घ्यावें, साहेबानें सांगितलें म्हणून मान डोलवूं नये, अशी त्यांची इच्छा त्यांत दिसते. लहानमोठीं मिळून शंभरांच्या आसपास पुस्तकें त्यांनीं लिहिलीं. त्यांत स्त्रियांसाठीं, मुलांसाठीं, कुटुंबांत मोठ्यानें वाचण्यासाठीं लिहिलेलीं पुष्कळ आहेत. दिव्याच्या उजेडांत घरचीं माणसें एकत्र बसून कांहीं तरी वाचतील हें त्यांनीं गृहीत धरिलें होतें. आज खेड्यांत वीज आहे, दिवा मोठा आहे, आणि घरांतील चार माणसें चार फोनांच्या उजेडांत चार कोपऱ्यांत बसलेलीं असतात. माझ्या स्वतःच्या घरींही कित्येक रात्रीं असेंच चित्र असतें, म्हणून हें लिहितांना मी कोणास दोष देत नाहीं.

१८८८ सालीं, वयाची सत्तावन वर्षें झाल्यावर, त्यांनीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. त्याचें नांव अरुणोदय. मराठींत छापिलेल्या पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. मौज अशी कीं एवढें काम केलेल्या मनुष्यानें त्यांत आपल्या कामाचा पाढा वाचलेला नाहीं. मुख्यतः बाप्तिस्म्यापर्यंतचाच प्रवास त्यांत आहे: बालपणींचे आचार, शाळा, मुंबई, शंका, ती गुप्त सभा, आणि मनाचा तो लांबलेला झगडा. चौतीस वर्षें मागें जाऊन त्यांनीं आपल्या कचरण्याचा हिशेब उघड्यावर मांडिला. आपण किती धीट होतों हें सांगणारीं चरित्रें पुष्कळ असतात. आपण किती दिवस धीट नव्हतों हें सांगणारें विरळा. आमच्या तरुणांस द्यावयाचें तें हेंच. शंका घेणाऱ्या मुलास आम्ही लगेच बंडखोर ठरवितों, आणि मग तो शंका घेत नाहीं, नुसता येणें बंद करितो. बाबांस शंका होत्या तेव्हां त्यांजपुढें त्यांच्याशीं तासन् तास बोलण्यास तयार असलेले शिक्षक होते. लातुराच्या खोलींत राहणाऱ्या आमच्या मुलास महिन्यांतून एकदां तरी भेटणारा असा कोणी मनुष्य आमच्या मंडळ्यांनीं नेमिला आहे काय? दोन-तीन मंडळ्यांनीं मिळून, फार खर्च न करतां, हें करतां येईल. नांदेडास विद्यापीठाच्या बाजूस राहणारे आमचे थोडे नोकरदार बंधु आहेत. रविवारीं त्यांच्या घरीं चहा आणि मोकळें बोलणें एवढें झालें तरी पुष्कळ होईल. या पत्राच्या द्वारें ज्या कोणास हें काम उचलावयाचें असेल त्यांनीं आपापल्या पाळकांस सांगावें.

बाबा पदमनजी २९ ऑगस्ट १९०६ रोजीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, प्रभूमध्यें झोंपीं गेले. परमहंस मंडळींतील त्यांचे सोबती बहुतेक त्यांच्या आधींच गेले होते. त्या बंद खोलींत काय चालत असे, कोण कोण बसे, पाव कसा वांटला जाई, हें आज आपण वाचूं शकतों तें तिच्यांतून उठून बाहेर आलेल्या या एका सभासदानें तें लिहून ठेविलें म्हणून.